पुण्याहून गुरुग्रामला गाडी पाठवताना

पुणे ते गुरुग्राम हे अंतर राष्ट्रीय महामार्ग ४८ ने साधारण १,४०० किलोमीटर पडतं. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी चालवत नेली तर इंधनाचेच साडेनऊ-दहा हजार होतात. त्यात टोल आणि दोन मुक्काम धरले की हिशेब सतरा हजारांच्या आसपास जातो. आमच्या छोट्या गाडीला ट्रेलरचे जे दर मिळाले ते १४ ते २२ हजारांच्या मधले होते. म्हणजे पैशाच्या बाजूने दोन्ही जवळपास सारखंच. खरा प्रश्न वेगळा असतो: मधल्या आठ-पंधरा दिवसांत गाडी नेमकी कोणाच्या ताब्यात असणार, आणि काही झालं तर कागदावर जबाबदार कोण?

त्यासाठी आधी हा धंदा चालतो कसा ते समजून घ्यावं लागतं. चाकण, रांजणगाव, पिंपरीच्या कारखान्यांतून नव्या गाड्या भरून ट्रेलर उत्तरेकडे जातात, आणि गुरुग्रामजवळच्या मानेसरच्या पट्ट्यातून नव्या गाड्या भरून खाली येतात. ट्रेलरमालकाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कारखाना. आपली एकटी गाडी उरलेल्या जागेत बसते. म्हणून "उद्या उचलतो, चार दिवसांत दारात" असं कोणी छातीठोक सांगितलं तर तिथेच सावध व्हावं. रस्त्यावरचा प्रवास चार-पाच दिवसांचाच असतो, ते खरं आहे. पण ट्रेलर भरेपर्यंत गाडी इकडच्या यार्डात उभी राहते, आणि उतरल्यावर घरपोच सोडणारा ड्रायव्हर मिळेपर्यंत तिकडच्या यार्डात. दसरा-दिवाळीच्या आधी आणि मार्चअखेरीला नव्या गाड्यांची गर्दी असते, तेव्हा खासगी गाड्या मागे पडतात. हिवाळ्यात दिल्लीची हवा बिघडली की ट्रकच्या प्रवेशावर निर्बंध येतात, तेही वेळापत्रकात धरा.

हवेचा विषय निघालाच आहे तर गाडीचं वय आणि बीएस (भारत स्टेज, म्हणजे धुराचं सरकारी) मानक बुकिंगच्या आधीच बघून घ्या. ग्रॅप म्हणजे दिल्ली परिसरात हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने लागणारे निर्बंध. त्याचा तिसरा टप्पा लागू झाला की दिल्ली, गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतम बुद्ध नगर इथे बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारी रस्त्यावर आणता येत नाहीत. एप्रिल २०२० च्या आधीची डिझेल गाडी बहुधा बीएस-४ असते. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न तर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयात गाजतो आहे. गाडी त्या वयाच्या जवळ असेल तर ताजा आदेश वाचल्याशिवाय तिला भाडं भरून तिकडे नेऊ नका. पुण्यात विकून तिकडे दुसरी घेणं शहाणपणाचं ठरू शकतं.

आता माणसं शोधण्याचं. एखाद्या साइटवर फॉर्म भरला की तासाभरात दहा-बारा फोन येतात. यातले बहुतेक दलाल असतात. त्यांच्याकडे ट्रेलर नसतो, यार्ड नसतं. तुमचा नंबर त्यांनी विकत घेतलेला असतो आणि तुमची गाडी ते पुढे कोणाला तरी देणार असतात. दुसऱ्या प्रकारात पॅकर्स-मूव्हर्स येतात. घरसामान ते स्वतः नेतात, पण गाडी बहुतेक वेळा बाहेरच्या ट्रेलरवर चढवतात. तिसरे म्हणजे स्वतःचे ट्रेलर असलेले वाहतूकदार. ते शक्यतो जाहिरात करत नाहीत, फोनवर गोड बोलत नाहीत, दरही कमी करत नाहीत. आमचा कल शेवटी यांच्याकडेच गेला. दलाल वाईटच असतो असं नाही, पण गाडी अडकली तर त्याच्या हातात फोन करण्यापलीकडे काही नसतं.

ओळखायचं कसं? "तुमचं यार्ड कुठे आहे, येऊन बघू का?" एवढं विचारा. ज्याचं यार्ड आहे तो वाघोली, मोशी किंवा चाकणचा पत्ता लगेच देतो. ज्याचं नाही तो "सर, घरूनच पिकअप होईल, तुम्हाला त्रास नको" म्हणतो. पत्ता मिळाला की यार्डात प्रत्यक्ष जा. ट्रेलरवरचं नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळतं का, उभ्या गाड्यांच्या काचेवर चिठ्ठ्या आणि नंबर आहेत का, आत-बाहेर होणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवणारी वही आहे का, हे दहा मिनिटांत दिसतं.

जीएसटी नंबर मागून घ्या आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, हरियाणा ०६, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. नंबरातलं सहावं अक्षर बघा. सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी, पी असेल तर एकट्या माणसाचा धंदा. "प्रायव्हेट लिमिटेड" म्हणवणाऱ्याच्या नंबरात पी दिसला की पुढे बोलायचं कारण उरत नाही. नोंदणी कधीची आहे, ती चालू आहे की रद्द झाली, पत्ता कुठला, हे सगळं तिथेच कळतं. "पंचवीस वर्षांचा अनुभव" आणि सहा महिन्यांपूर्वीची नोंदणी असा प्रकार सर्रास दिसतो. नामांकित कंपनीच्या नावात एखादं अक्षर किंवा शब्द वाढवून तयार केलेली नावंही भरपूर आहेत, तेव्हा स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

कोटेशन लेखी हवं, आणि त्यात घरून उचलणं, घरपोच सोडणं, चढवणं-उतरवणं, टोल, राज्यांच्या सीमेवरचा खर्च, जीएसटी आणि विमा धरलाय की नाही हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. बाजारभावापेक्षा चार-पाच हजारांनी कमी दर म्हणजे बहुतेक वेळा आमिष असतं. गाडी एकदा ताब्यात गेली की ग्रीन टॅक्स, गेटपास, "परत मिळणारं" डिपॉझिट, उतरवण्याची मजुरी असे फोन सुरू होतात, आणि पैसे भरले नाहीत तर गाडी हलत नाही. ठरलेल्या रकमेपलीकडे काहीही घेतलं जाणार नाही, हे वाक्य कोटेशनवरच लिहून सही-शिक्का घ्या. पैशाचे तीन टप्पे करा: बुकिंगला दहा-वीस टक्के, ट्रेलरवर चढल्याचे फोटो आणि बिल्टी (वाहतूकदाराने दिलेली माल घेतल्याची पावती) मिळाल्यावर निम्मे, बाकी गाडी डोळ्यांनी बघितल्यावर. आणि पैसे फर्मच्या चालू खात्यातच भरा. कोणा व्यक्तीच्या नावाचा यूपीआय कोड आला तर भरू नका.

बंद कंटेनर की उघडा ट्रेलर? नव्या गाड्या नेणारे ट्रेलर आता बहुतेक बंदच असतात, आणि पावसाळ्यात तर दुसरा विचारच नको. एकाच गाडीला स्वतंत्र छोटा ट्रक मिळतो, पण भाडं दुप्पट-अडीचपट जातं. महागडी किंवा फारच खाली बसकी गाडी असेल तरच त्याचा विचार करावा. ड्रायव्हर देऊन गाडी चालवत पाठवा, असा स्वस्तातला सल्लाही मिळतो, पण ते वाहतूकदाराला करू देऊ नका. "ट्रेलर भरला नाही म्हणून ड्रायव्हरने आणली" हे उत्तर मान्य नाही, असं आधीच लिहून घ्या. रेल्वेच्या पार्सलने दुचाकी सहज जाते, मोटारीसाठी तशी सहज सोय नाही. कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी मोटारींची रो-रो सेवा दिली होती, पण ती त्या एका मार्गापुरतीच.

विम्याबद्दल सगळ्यात जास्त दिशाभूल होते. कोटेशनमध्ये गाडीच्या किमतीच्या दीड ते तीन टक्के "ट्रान्झिट इन्शुरन्स" म्हणून लावतात. सहा लाखांच्या गाडीला तीन टक्के म्हणजे १८ हजार, भाड्याइतकेच! पण आपल्याकडे सर्वसमावेशक मोटार विमा असेल तर पॉलिसीच्या 'ओन डॅमेज' (स्वतःच्या गाडीचं नुकसान) भागात, रस्ता, रेल्वे, अंतर्देशीय जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना झालेलं नुकसान आधीच धरलेलं असतं. पॉलिसी काढून ते कलम वाचा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र हे संरक्षण नाही. स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असेल तर छोट्या ओरखड्यासाठी दावा परवडत नाही. एवढ्याच कारणासाठी वेगळा ट्रान्झिट विमा घ्यायचा असेल तर घ्या, पण विमा कंपनीने काढलेलं, तुमच्या गाडीचा नंबर आणि प्रवासाचा मार्ग असलेलं प्रमाणपत्र गाडी उचलण्याआधी हातात हवं. वाहतूकदाराच्या बिलावर "इन्शुरन्स" अशी ओळ आणि पुढे रक्कम, एवढ्याने विमा होत नाही. ते पैसे त्याच्याच खिशात जातात.

विम्याइतकीच महत्त्वाची बिल्टी. रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ प्रमाणे सार्वजनिक वाहतूकदाराला नोंदणी सक्तीची आहे, आणि माल घेतल्याची पावती द्यावी लागते. याच कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित केली आहे. १६ हजार भाडं असेल तर कमाल १ लाख ६० हजार. जास्तीची जोखीम त्याने घ्यावी असं वाटत असेल तर त्याचा वाढीव दर भरून ते आधी लेखी ठरवावं लागतं. बिल्टीच्या कोपऱ्यात "ओनर्स रिस्क" (जोखीम मालकाची) असा शिक्का असतो, तो खोडून "कॅरियर्स रिस्क" (जोखीम वाहतूकदाराची) करून मागा. ट्रेलरचा नंबर, चेसिस नंबर, गाडीची जाहीर किंमत आणि निघण्याची तारीख बिल्टीवर नसेल तर किल्ली देऊ नका.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी आणि ओळखपत्राच्या प्रती पुरतात. मूळ आरसी देऊ नये. स्वतःची वापरातली गाडी वैयक्तिक सामानात मोडते, तिला ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागत नाही. मात्र "गाडी विक्रीसाठी नाही, स्वतःच्या वापरासाठी नेत आहे" असं सही केलेलं पत्र बरोबर असलं की तपासणी नाक्यावर खोळंबा होत नाही. आणि एक काम पुण्यातच उरकून घ्या: चेसिस नंबरचा पेन्सिल छाप. पातळ कागद नंबरावर ठेवून पेन्सिल घासली की उमटतो. चार-पाच छाप काढून ठेवा. दुसऱ्या राज्यात नोंदणी करताना पुण्याच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, त्याच्या फॉर्म २८ वर हा छाप हवा असतो, आणि गाडी एकदा ट्रेलरवर गेली की छाप कुठून आणणार?

गाडीची तयारी धुण्यापासून करायची, कारण मळक्या गाडीच्या फोटोत ओरखडा दिसत नाही. सकाळच्या उजेडात चारी बाजू, छत, चारी चाकांच्या रिम, काचेवरचे खडे, पुढच्या बंपरची खालची कड, मीटरवरचे किलोमीटर आणि इंधनाचा काटा यांचे फोटो काढा. जुन्या ओरखड्यांचेही काढा. त्यात प्रामाणिक राहिलं की नव्यांवर बोट ठेवता येतं. इंधन पाच ते आठ लिटर पुरे. यार्डापर्यंत, उतारावर चढायला आणि तिकडे घरापर्यंत तेवढंच लागतं. भरलेली टाकी आगीच्या दृष्टीने धोक्याची, आणि ती तशीच पोचेल याची खात्री नाही. सीएनजी असेल तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पेट्रोलवर द्या. बॅटरी जुनी असेल तर आधीच बदला. डॅशकॅम किंवा जोडलेला ट्रॅकर दोन आठवड्यांत ती उतरवतो, आणि बंद पडलेली गाडी ढकलून उतरवताना बंपर घासतो. सामान भरू नका. गाडीतल्या सामानाची जबाबदारी कोणीच घेत नाही. स्टेपनी, जॅक, पाना, पायपोस, स्टिरिओ यांची यादी चेकलिस्टवर लिहून ड्रायव्हरची सही घ्या. किल्ली एकच द्या.

फास्टॅगचं जरा नीट ऐका. ट्रेलर टोलनाक्यातून जाताना वरच्या गाडीचा टॅगही वाचला जाऊ शकतो आणि पैसे कापले जातात, विशेषतः उघड्या ट्रेलरवर. टॅग काढला तर तो फाटतो, पुन्हा चालत नाही. काचेच्या बाहेरच्या बाजूने, टॅगच्या बरोबर समोर, अॅल्युमिनियम फॉइलचा दुहेरी तुकडा मास्किंग टेपने चिकटवला की काम होतं. बंद कंटेनर असेल तर मात्र टॅग उघडाच ठेवा, फक्त शिल्लक तीनशे-चारशे रुपयांवर आणा. मग मधल्याच एखाद्या नाक्यावर मोटारीच्या दराने पैसे कापल्याचा मेसेज आला तर समजायचं की गाडी बहुधा ट्रेलरवर नाही, रस्त्यावर धावते आहे. तो मेसेज हाच लेखी पुरावा.

गाडी चढवताना शक्य असेल तर समोर उभं राहा. कंटेनरच्या आत गाडी आणि पत्रा यांच्यात दोन्ही बाजूंना जेमतेम हातभर जागा असते. ड्रायव्हर गाडी आत घेतो, दार पूर्ण उघडत नाही, अंग चोरून बाहेर पडतो. त्या क्षणी दाराची कड पत्र्यावर आपटते. गाड्यांना होणाऱ्या नुकसानात हे नेहमीचं आहे, आणि ते उतारावर किंवा महामार्गावर झालंय असं लोक समजतात. उपाय स्वस्त आहे: चालकाच्या बाजूच्या दाराच्या कडेला वरपासून खालपर्यंत फोमची पट्टी टेपने लावून द्या. आरसे मिटा, अँटेना काढा. चाकांना पुढून-मागून गुटके आणि टायरवरून पट्टे, अशी बांधणी योग्य. पट्टा सस्पेन्शनच्या आर्मला किंवा पुढच्या हुकाला अडकवून आवळला तर प्रत्येक खड्ड्याला तिथे हिसका बसतो आणि अलाइनमेंट जातं. ऑटोमॅटिक पार्कमध्ये, मॅन्युअल पहिल्या गिअरमध्ये, दोन्हींना हँडब्रेक. मजला निवडता येत असेल तर वरचा मागा. खालच्या गाडीवर वरच्या गाडीचं ऑइल ठिबकू शकतं.

वाटेत ट्रेलरच्या ड्रायव्हरला रोज फोन करून उपयोग नाही. बिल्टीवरचा ट्रेलर नंबर आणि जीपीएसची लिंक मागा. रोज संध्याकाळी जागा बघितली की सुरत, उदयपूर, जयपूर असा प्रवास दिसतो. एकाच ठिकाणी दोन दिवस थांबला तर मग कार्यालयात फोन करा.

पोच दिवसा घ्या. रात्री अकराला मानेसर किंवा त्याच्या पुढच्या बिलासपूरकडून माणूस गाडी घेऊन आला आणि घाई करू लागला तर त्याला सकाळी यायला सांगा. मीटर बघा. घर ते यार्ड आणि यार्ड ते घर मिळून साठ-ऐंशी किलोमीटर समजू शकतो, तीनशे नाही. आधीचे फोटो मोबाइलवर उघडून एकेक बाजू जुळवा. बोनेट उघडून बॅटरी तीच आहे का बघा, स्टेपनी बघा. पोचपावतीवर "मिळाली, सुस्थितीत" असं छापलेलं असतं. काही सापडलं तर सही करण्याआधी त्याच कागदावर "उजव्या मागच्या दारावर ओरखडा, बंपर तडकलेला" असं स्पष्ट लिहा, ड्रायव्हरची सही घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. कोरी सही दिली की पुढे ना वाहतूकदार ऐकतो, ना विमा कंपनीला त्याच्याकडून वसूल करता येतं.

नुकसान असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि दोन-चार दिवसांत रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवा. २००७ च्या कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस दिल्याशिवाय दावा दाखलच करता येत नाही. बिल्टीच्या मागे "सर्व वाद अमुक शहराच्या न्यायक्षेत्रात" असं छापलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, पुष्कळदा तिथेच तोडगा निघतो. गाडी अडवून पैसे मागत असतील तर मात्र पोलिसांत जा, आणि ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० ला त्याच तासात फोन करा.

गाडी पोचली की आरटीओचं घड्याळ सुरू होतं. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर नवीन नंबर घ्यावा लागतो. भारत सीरिजचा (बीएच, सगळ्या राज्यांत चालणारा) नंबर असेल तर ही कटकट नाही. फॉर्म २८ चा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर पुण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडे करायचा. चलनं सगळी भरलेली हवीत, कर्ज असेल तर बँकेचं पत्र हवं. प्रमाणपत्र मिळाल्यावर गुरुग्रामला नव्या नंबरासाठीचा फॉर्म २७ आणि तिथला कर. हरियाणाची आरसी हातात आली की तिची प्रत जोडून महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागा. त्यासाठी मूळ कर भरल्याची पावती लागते, म्हणून घरसामान बांधतानाच ती फाइल हातातल्या बॅगेत ठेवा.